वजन वाढतं तेव्हा डोक्यात काय धुमसतं, आणि आपण त्याचं नेमकं काय करायचं

दुपारचे तीन वाजलेत, जेवून दोन तासही झालेले नाहीत, पोट भरलेलंय हे मला पक्कं माहितीये, आणि तरी हात ड्रॉवरमधल्या बिस्किटच्या पुड्यात गेलाय, समोरच्या फाईलमधली तीच ओळ मी चौथ्यांदा वाचतेय आणि डोक्यात कापूस भरल्यासारखं झालंय. हे माझं कित्येक वर्षं रोजचं होतं. मी त्याला आळस म्हणायचे, घरचे जिभेवर ताबा नाही म्हणायचे, आणि एका डॉक्टरांनी तर रिपोर्टवरून नजरही न उचलता 'कमी खा, जास्त चाला' एवढं सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली होती. सल्ला चूक नव्हता म्हणा. पण भूक जिथे ठरते तिथेच गडबड झाली असेल तर 'कमी खा' हे सांगायचं कुणाला, हा प्रश्न मला तेव्हापासून छळायला लागला आणि मग मी वाचत सुटले. वाचताना कळलं की लठ्ठपणासोबत शरीरात आणि मेंदूत एक मंद इन्फ्लमेशन चालू असतं, आणि त्या वाचनातून आणि स्वतःवर केलेल्या खटपटीतून त्याबद्दल जे हाती लागलं ते इथे लिहितेय. मी डॉक्टर नाहीये, त्यामुळे औषधांच्या बाबतीत माझं ऐकून काही सुरू किंवा बंद करू नका, बाकीचं बिनधास्त करून बघा.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

इन्फ्लमेशनला आपण सरसकट सूज म्हणतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. 'मेंदूला सूज आलीये' असं हॉस्पिटलमध्ये ऐकलं तर तो मेंदूज्वर असतो, नाहीतर डोक्याला मार लागलेला असतो, तिथे आयसीयूची भाषा चालते. आपण बोलतोय ते हे नाही. आपला शब्द दाह, किंवा मला आवडतो तो म्हणजे धग.

बोटात काटा घुसला की काय होतं आठवा. जागा लाल होते, गरम लागते, फुगते आणि ठणकते. ही चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने जवळजवळ २००० वर्षांपूर्वी लिहून ठेवलीत आणि अजूनही मेडिकलच्या पोरांना तीच पाठ करायला लागतात. काटा निघाला की दोन दिवसांत सगळं शांत, म्हणजे हा दाह चांगला, तो नसता तर आपण साध्या जखमेने मेलो असतो. लठ्ठपणातला दाह वेगळा असतो, कारण त्यात काटा निघतच नाही. लाली नाही, ठणका नाही, ताप नाही, काहीच दिसत नाही, राखेखाली निखारा असतो तसा तो वर्षानुवर्षं आत धुमसत राहतो.

चरबीतला धूर डोक्यापर्यंत जातो कसा

चरबी म्हणजे जास्तीच्या खाण्याचं गोडाऊन, असंच आपण समजत आलो. पण १९९३ मध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगेलमन यांच्या टीमने दाखवलं की लठ्ठ उंदरांची चरबी स्वतःच टीएनएफ अल्फा नावाचं दाह भडकवणारं रसायन तयार करते आणि त्याने इन्शुलिनचं काम बिघडतं. मग २००३ मध्ये पुढचा तुकडा सापडला. चरबीच्या पेशी फुगत फुगत गेल्या की काही पेशी गुदमरून मरतात, आणि ती मढी उचलायला मॅक्रोफेज नावाच्या सफाईवाल्या पेशी गोळा होतात, मायक्रोस्कोपखाली त्या मेलेल्या पेशीभोवती कडं करून बसलेल्या दिसतात. बारीक माणसाच्या चरबीत यांचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत असतं, लठ्ठ माणसात ते ४० टक्क्यांच्या जवळ गेलेलं दिसलं. म्हणजे चरबी म्हणून आपण जे अंगावर बाळगतो त्यात केवढी मोठी फौज तळ ठोकून बसलेली असते बघा, आणि ती फौज गप्प बसत नाही, तिची रसायनं रक्तात सुटतात.

रक्तात सुटलेलं मेंदूत शिरू नये म्हणून मेंदूच्या रक्तवाहिन्यांना घट्ट शिवण असते. पण हायपोथॅलॅमस म्हणून मेंदूच्या तळाशी बदामाएवढा भाग आहे, भूक, तहान, झोप, अंगाचं तापमान हे सगळं तिथून चालतं, आणि त्याच्या खालच्या टोकाला ही शिवण मुद्दाम सैल ठेवलेली असते, कारण रक्तात काय चाललंय याची चव घेतल्याशिवाय त्याला भूक ठरवताच येत नाही. खिडकी उघडी ठेवली की वारा येतो तसा धूरही येतो. दुसरी वाट आतड्यातून. तिथले जंतू मेले की त्यांच्या वेष्टणाचे तुकडे सुटतात, आणि खाण्यात तेल-तूप जास्त आणि चोथा, म्हणजे फायबर, कमी असं चाललं की ते तुकडे रक्तात जास्त झिरपतात. २००७ मध्ये उंदरांवर हे दाखवलं गेलं. तुकडा मेलेला असला तरी शरीराला वाटतं जंतूच घुसला, की लगेच धावपळ.

आणि मेंदूत शिरल्यावर त्या धुराला भेटतं कोण? मायक्रोग्लिया. १९१९ मध्ये पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश माणसाने त्यांना वेगळं ओळखून नाव दिलं. या मेंदूतल्या राखणदार पेशी, शांत असताना बारीक बारीक फांद्या पसरून आजूबाजूला चाचपत बसतात, धोका वाटला की फांद्या आखडून गुबगुबीत होतात आणि स्वतःच दाहाची रसायनं सोडायला लागतात. राखणदारच काठी घेऊन घरात फिरायला लागला तर काय होणार.

याचा भुकेशी संबंध कसा, तर लेप्टिनमुळे. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कमधल्या लॅबने हे हॉर्मोन शोधलं. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात आणि हायपोथॅलॅमसला निरोप देतात की साठा भरपूर आहे, आता बस कर. तेव्हा सगळ्यांना वाटलं झालं, लेप्टिनचं इंजेक्शन द्यायचं की वजन खाली. ज्यांच्यात जन्मापासूनच लेप्टिन बनत नाही अशा मोजक्या लोकांना त्याचा भयंकर फायदा झाला, पण बाकीच्या लठ्ठ माणसांत म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, कारण त्यांच्या रक्तात लेप्टिन आधीच चिक्कार होतं. निरोप जात होता, कान बंद होते. आणि ते कान बंद करणाऱ्यांमध्ये एक हा दाह आहे. गोंगाटात कुणी कितीही हाक मारली तरी ऐकू येत नाही, तसंच. त्यामुळे पोट भरलेलं असताना ड्रॉवर उघडणारा हात हा सगळाच्या सगळा लोभी नसतो, त्याला खरंच निरोप पोचलेला नसतो.

त्या कापूस भरल्यासारख्या डोक्याचं पण असंच काहीतरी. ताप आला की आपण काय करतो? पडून राहतो, कुणाशी बोलायला नको वाटतं, काही सुचत नाही. हे सगळं जंतू करत नाही, आपलीच दाहाची रसायनं मेंदूला सांगतात की गप पडून रहा. लठ्ठपणात तीच रसायनं कमी प्रमाणात पण रोज वाहत असतात. ताप नाही, पण तापातला कंटाळा आहे. हे वाचलं तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं, खरं सांगते, कारण मी तोवर स्वतःला फक्त आळशी समजत होते.

ज्या गोष्टीने माझा विचार उलटा झाला

मी समजत होते की आधी वजन वाढतं, मग दाह होतो. २००५ मध्ये ब्राझीलमधल्या काम्पिनास इथल्या संशोधकांनी जास्त चरबीचं खाणं दिलेल्या उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये दाह दाखवला होता. मग २०१२ मध्ये सिएटलच्या टीमने तो कधी सुरू होतो ते बघितलं, तर असं खाणं सुरू केल्यापासून १ ते ३ दिवसांत! वजन नीट वाढायच्याही आधी. बाकी शरीरात दाह यायला कित्येक आठवडे लागतात, डोक्यात मात्र तिसऱ्या दिवशी हजर. मग तो थोडा ओसरतो, जणू मेंदू सावरायला बघतो, आणि तेच खाणं चालू राहिलं तर महिन्याभरात परत येऊन मुक्काम ठोकतो. त्याच टीमने लठ्ठ माणसांचे एमआरआय बघितले तर हायपोथॅलॅमसच्या त्याच भागात आधारपेशी दाटल्याच्या, म्हणजे एक प्रकारे व्रण पडल्याच्या खुणा दिसल्या. उंदीर आणि माणूस एक नाही, आणि एमआरआयवरची खूण म्हणजे दाह डोळ्यांनी बघणं नव्हे, हे लक्षात ठेवायचं, पण दिशा तीच आहे.

यातून कामाचं काय निघतं, तर वजन कमी होण्याची वाट बघत बसायचं नाही. काट्यावरचा आकडा हलायच्या कितीतरी आधी खाण्यात, झोपेत आणि हालचालीत केलेला बदल आत पोचायला लागतो. आठवडाभर सगळं नीट केलं आणि वजन तेवढंच, की आपण म्हणतो गेलं सगळं पाण्यात. तसं नसतं. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीच्या भरवशावर करायचंय.

पहिलं काम: टेप आणा, काटा कोपऱ्यात सरकवा

दाहाच्या हिशोबात सगळी चरबी सारखी नसते. मांड्यांवरची आणि कमरेखालची बऱ्यापैकी गरीब बिचारी असते, पोटाच्या आत आतड्यांभोवती साठते ती खरी भांडखोर, कारण तिचं रक्त थेट लिव्हरला जातं. म्हणून वजनापेक्षा पोटाचा घेर मोजा. मोजायची पण पद्धत आहे. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, पोटावरचा कपडा वर करून उभं रहा, बरगडीचं शेवटचं हाड बोटाने चाचपा, कमरेच्या हाडाचं वरचं टोक चाचपा, आणि दोघांच्या बरोब्बर मधे टेप गुंडाळा. टेप जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही. श्वास नेहमीसारखा सोडायचा आणि तो सुटल्यावर आकडा बघायचा, पोट आत ओढायचं नाही (आपण सगळेच ओढतो, मी आरशासमोर एकटी असताना पण ओढायचे, कुणाला फसवत होते देव जाणे). दोनदा मोजा, फरक आला तर तिसऱ्यांदा.

आता तो आकडा उंचीने भागा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. ०.५ च्या खाली असेल तर ठीक, ०.५ ते ०.५९ म्हणजे धोका वाढलाय, ०.६ आणि वर म्हणजे जास्तच. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ मध्ये हेच लोकांना सांगायला सुरुवात केली, घेर उंचीच्या निम्म्याच्या आत ठेवा. १६० सेंटिमीटर उंची असेल तर घेर ८० च्या आत, एवढं सोपं गणित. मी सुरुवात केली तेव्हा माझं ०.६१ होतं. दर पंधरा दिवसांनी एकदा मोजायचं आणि वहीत लिहायचं, रोज मोजलंत तर वेड लागेल.

दुसरं: झोप, आणि मी इथे जरा जास्तच बोलणारे

बहुतेक लेखांत झोप सगळ्यात शेवटी दोन ओळीत उरकतात, मला ते उलटं वाटतं. झोप अपुरी असेल तर लेप्टिन खाली येतं आणि भूक लावणारं घ्रेलिन वर जातं, हे २००४ मध्येच तरुण धडधाकट मुलांवर दोन रात्रींच्या प्रयोगात दिसलं होतं, आणि त्यांना जी भूक लागली ती भाजीपाल्याची नव्हती, गोडाची आणि खारट चटकमटक गोष्टींची लागली. त्यात अपुरी झोप दाहाची रसायनंही वाढवते. म्हणजे डाएट सुरू करताना झोप चार-पाच तासांची असेल तर तुम्ही एक हात मागे बांधून कुस्तीला उतरलाय. मोठ्या माणसाला किमान ७ तास हवेत.

पण तास मोजून भागत नाही. घोरता का? मी घोरते हे मला मान्यच नव्हतं, बायका घोरतात असं कुणी बोलतच नाही ना. शेवटी नवऱ्याने एका रात्री फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं आणि मला त्यातलं घोरणं नाही, मधली शांतता ऐकून घाम फुटला, घुर्रघुर्र चाललंय आणि एकदम काहीच नाही, दहा सेकंद, पंधरा सेकंद, आणि मग पाण्यातून वर आल्यासारखा मोठा आवाज करून श्वास. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. मानेभोवती चरबी असली की झोपेत गळा मिटतो, ऑक्सिजन खाली जातो, मेंदू दचकून जागं करतो, परत झोप, परत तेच, रात्रभर. ऑक्सिजनचं हे वरखाली होणं स्वतःच दाह वाढवतं आणि लठ्ठपणासोबत ते फार कॉमन आहे. तर तुम्ही पण हेच करा, घरातल्या कुणाला तरी रात्री रेकॉर्ड करायला सांगा, एकटे रहात असाल तर फोन उशाशी ठेवून आवाज रेकॉर्ड करा. मधेमधे श्वास थांबत असेल, सकाळी तोंड कोरडं पडून डोकं जड असेल, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागत असेल तर डॉक्टरांकडे स्लीप स्टडी मागा, हा शब्द वापरूनच मागा. माझी झाली, मला रात्री मास्क लावायचं सीपॅप मशीन मिळालं, पहिले दहा दिवस मी ते झोपेत काढून फेकायचे, अकराव्या दिवशी सकाळी उठले तर डोकं हलकं होतं आणि मला काही वेळ कळेचना की काय वेगळं आहे.

तिसरं: खाणं

इथे मी लांबण लावणार नाही, डाएटवर सल्ले देणारे पैशाला पासरी आहेत. दाहाच्या बाजूने तीनच गोष्टी बघायच्या.

एक, फॅक्टरीत बनलेलं, पाकिटातलं, ज्याच्या मागच्या यादीत स्वयंपाकघरात कधीच नसणारी नावं असतात ते खाणं कमी करा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना महिनाभर आत ठेवून दोन आठवडे असं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फॅट, चोथा सगळं सारखं, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकिटातल्या खाण्यावर तीच माणसं रोज ५०० च्या आसपास कॅलरी जास्त खाऊन बसली आणि दोन आठवड्यांत किलोभर वाढली, साध्या खाण्यावर तेवढीच उतरली. माणसं तीच होती, त्यामुळे जीभ आणि ताबा वगैरे मला कुणी ऐकवायला आलं की मी हाच प्रयोग सांगते.

दोन, चोथा. आतड्यातले चांगले जंतू चोथा खाऊन अशी आम्लं बनवतात ज्यांनी आतड्याचं अस्तर घट्ट राहतं, म्हणजे वर सांगितलेली ती झिरपणारी वाट बंद होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते. डाळी, कडधान्यं, अख्खं धान्य, सालासकट फळं, यातून तो येतो. पण एकदम वाढवू नका, पोट फुगून तुम्ही मलाच शिव्या द्याल, दर आठवड्याला थोडं थोडं आणि सोबत पाणी.

तीन, तेला-तुपातला तो घट्ट होणारा प्रकार, सॅच्युरेटेड फॅट. त्यातलं पामिटिक आम्ल मायक्रोग्लियाला थेट चिडवतं हे उंदरांत दिसलंय. तूप-लोणी विष आहे असं मी म्हणत नाहीये, दिवसाच्या एकूण कॅलरीत ते १० टक्क्यांच्या आत ठेवा इतकंच, आणि तेलकट अधिक गोड अधिक पाकीटबंद अशी त्रिमूर्ती एकत्र आली की सावध व्हा. माझ्या ड्रॉवरमध्ये तेच होतं. पुडा फेकला नाही मी, घरातल्या सगळ्यात उंच फळीवर मागे ठेवला, स्टूल काढून चढायचा कंटाळा माझ्या भुकेपेक्षा मोठा निघाला.

आठ दिवसांत पाच किलोवाली उपासमार करू नका. वजन फार झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होतात, स्नायू झडतात, आणि वजन परत येतं ते व्याजासकट.

चौथं: स्नायू हलवा, कारण त्यांचंही एक रसायन आहे

हा भाग मला फार आवडतो. आयएल-६ नावाचं रसायन लठ्ठपणात चरबीतून सतत थेंब थेंब गळतं आणि ते वाईट, सगळ्या रिपोर्टात तेच खलनायक. पण कोपनहेगनच्या बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्या टीमला दिसलं की व्यायाम करताना स्नायू स्वतः आयएल-६ सोडतात, कित्येक पट, आणि तेव्हा त्याच्या मागोमाग दाह विझवणारी रसायनं रक्तात येतात. म्हणजे तेच रसायन, चरबीतून चोवीस तास गळालं तर धूर आणि स्नायूतून तासाभरासाठी उसळलं तर पाणी. शिवाय नियमित व्यायामाने पोटातली चरबी वजन फारसं न हलताही कमी होते, म्हणूनच ती टेप.

किती करायचं? आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असं चालणं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, आणि दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काहीतरी, भिंतीवर हात टेकून जोर काढा, खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा, काहीही. शून्यावरून सुरुवात असेल तर १५० चा आकडा विसरा आणि प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चाला, बस. जेवणानंतर चाललं की रक्तातली साखर उसळी मारत नाही आणि ती तीनची धुंदीही कमी होते. गुडघे दुखत असतील तर पाण्यात, सायकलवर, बसून, कसंही. मी पहिले दोन महिने फक्त जेवणानंतरचं चालणंच केलं, दुसरं काही नाही.

टेस्ट कोणत्या करायच्या आणि कोणत्या नाही

मेंदूतला दाह मोजायची कुठलीही साधी रक्ततपासणी नाही. कुणी 'ब्रेन इन्फ्लमेशन पॅनल' वगैरे विकत असेल तर पाकीट खिशात ठेवा. शरीरातला एकूण दाह मात्र एचएस-सीआरपीने कळतो, हे प्रोटीन लिव्हर बनवतं आणि बनवायचा हुकूम आयएल-६ देतं. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर छान, १ ते ३ मधलं, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर लठ्ठपणाला दोष देण्याआधी सर्दी, दातदुखी, लघवीचं इन्फेक्शन असलं काही आहे का बघा आणि बरं झाल्यावर परत करा. एकाच आकड्यावर विश्वास ठेवू नका, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून सरासरी घ्या. सोबत साखरेची एचबीएवनसी, लिपिड, लिव्हर, थायरॉइड आणि ब्लड प्रेशर, हे डॉक्टर तसंही सांगतातच. जी औषधं घेताय त्यांची यादी पण न्या, स्टेरॉइड, मानसिक आजारांवरची आणि फिटवरची काही औषधं वजन वाढवतात, त्याला पर्याय असू शकतो, पण मनाने बंद अजिबात करायची नाहीत.

सप्लिमेंटबद्दल माझं मत विचाराल तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, डिटॉक्स पावडरी, मेंदूची धग विझवणारे ड्रॉप्स, मी पण दोन महिने पैसे घालवलेत. रात्री चार तास झोपायचं, दिवसभर पाकिटातलं खायचं आणि वरून कॅप्सूल गिळायची, याला काय अर्थ आहे. आणि दाह म्हणजे मग रोज दाहशामक पेनकिलर घेऊ का, असा प्रश्न मला एका मैत्रिणीने विचारला होता. नको! पोटात अल्सर होईल, किडनी बिघडेल.

भूक कमी करणारी जीएलपी-१ इंजेक्शनं, म्हणजे सेमाग्लुटाइड वगैरे, यांचं वेगळं. ती भूक ठरवणाऱ्या त्या हायपोथॅलॅमसवरच काम करतात, वजन खरंच उतरतं आणि सीआरपीही खाली येतं. ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यावीत, त्यात लाज कसली. पण 'मेंदूसाठी पण चांगलं' एवढ्यावरून धावू नका, सुरुवातीच्या अल्झायमरवर सेमाग्लुटाइडच्या गोळीच्या दोन मोठ्या चाचण्यांचा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला आणि आजाराचा वेग काही कमी झाला नव्हता. झालेलं नुकसान भरून काढणं आणि नुकसान होऊ न देणं यात फरक असतो. लॅन्सेट या मेडिकल मासिकाच्या २०२४ च्या कमिशनने डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू जाण्याच्या आजाराचे, बदलता येण्यासारखे १४ घटक काढले, त्यात लठ्ठपणा आहे, पण मध्यम वयातला. म्हणजे हे सगळं चाळिशीत करायचं, सत्तरीत घाईघाईने नाही. उलट म्हातारपणी काही न करता वजन उतरायला लागलं तर आनंद मानू नका, तपासून घ्या.

हे वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा

वर लिहिलेली धग हळू चालते. त्यामुळे जे अचानक होतं ते दुसरं काहीतरी आहे असं समजा. तापासोबत भयंकर डोकेदुखी आणि मान आखडणं, अचानक असंबद्ध बोलणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, फिट येणं, यातलं काहीही झालं तर त्याच मिनिटाला निघायचं. अजून एक जे फारसं कुणी सांगत नाही: वजन जास्त असलेल्या तरुण बायकांमध्ये डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढायचा एक आजार होतो. रोज डोकं दुखतं, वाकलं की दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज येतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आतली नस बघितली की लगेच कळतं, आणि दुर्लक्ष केलं तर नजर कायमची जाऊ शकते. मायग्रेन असेल म्हणून गोळ्या खात राहू नका.

किती दिवसांनी काय बघायचं

तीन महिने धरा. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त झोप आणि जेवणानंतरचं चालणं, खाण्याला हात लावू नका, सगळं एकदम केलं की सगळंच एकदम सुटतं. मग पाकिटं आवरायची आणि चोथा वाढवायचा. महिन्याभराने स्नायूंचा व्यायाम. वहीत तीनच रकाने ठेवा, पंधरा दिवसांनी घेर, रोज झोपेचे तास, आणि रोज दुपारी तीन वाजता डोकं किती चालतंय त्याला दहापैकी मार्क. हा तिसरा रकाना माझा स्वतःचा शोध आहे, पण मला सगळ्यात आधी तोच हलताना दिसला, तिसऱ्या आठवड्यात ३ चे ५ झाले तेव्हा वजन अर्धा किलोही उतरलं नव्हतं. वजनाचं ध्येय आत्ता आहे त्याच्या ५ ते १० टक्के एवढंच ठेवा, ९० किलो असाल तर साडेचार ते नऊ किलो, तेवढ्यानेही साखर, प्रेशर आणि सीआरपीत फरक पडतो. तीन महिन्यांनी एचएस-सीआरपी त्याच लॅबमध्ये परत करा, आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या, माझ्या नव्या डॉक्टरीणबाईंनी ती सात मिनिटं वाचली, मी घड्याळ बघत होते.